दही, दाह आणि आतड्यातील जंतू

१८८२ सालच्या अखेरीस इटलीच्या सिसिली बेटावरील मेसिना या बंदरात एक रशियन प्राणिशास्त्रज्ञ सहकुटुंब राहत होता. एके दिवशी घरची सारी मंडळी सर्कशीतील माकडांचे खेळ पाहावयास गेली आणि एली मेचनिकॉफ हा गृहस्थ एकटाच सूक्ष्मदर्शकापाशी बसून राहिला. तारामाशाच्या पिलांचे शरीर काचेसारखे पारदर्शक असते. त्या शरीरात इकडून तिकडे फिरणाऱ्या काही पेशी तो न्याहाळीत होता. एकाएकी त्याच्या मनात आले, या फिरत्या पेशी शरीराच्या रक्षणासाठी तर नसतील ना? तसे असेल तर शरीरात काटा रुतताच त्यांनी तेथे धाव घेतली पाहिजे. तो उठला, बागेत जाऊन गुलाबाचे काही काटे तोडून आणले आणि ते त्या पिलांच्या कातडीखाली खुपसले. त्या रात्री त्याला झोप आली नाही. सकाळी उठून पाहतो तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला!

माणसाच्या बोटात काटा मोडला तर बोट लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. वैद्यकशास्त्रात या चार लक्षणांना मिळून दाह असे म्हणतात. दाह म्हणजे शरीराची झालेली हानी, अशीच तोवर बहुतेकांची समजूत होती. तो शरीराने केलेला बचाव आहे, पांढऱ्या पेशी तेथे परक्या जंतूंना गिळून टाकण्यासाठी जमतात, हे मेचनिकॉफने दाखवून दिले. या कार्याबद्दल १९०८ साली त्याला जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख याच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

याच मेचनिकॉफने उतारवयात आणखी एक विचार मांडला. तोवर तो पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये येऊन स्थिरावला होता. मोठ्या आतड्यात अन्न कुजविणारे जंतू राहतात, त्यांची विषे रक्तात भिनतात आणि त्यामुळे माणूस अकाली म्हातारा होतो, असे त्याचे मत बनले. बल्गेरियातील खेडुत आंबट दूध भरपूर पितात आणि दीर्घायुषी असतात, असे त्याच्या ऐकण्यात आले होते. त्या दुधातील जंतू १९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन वैद्याने शोधून काढला होता. तेव्हा कुजविणाऱ्या जंतूंवर आंबविणाऱ्या जंतूंचा उतारा द्यावा, अशी मेचनिकॉफची कल्पना होती. तो स्वतः आंबविलेले दूध नियमाने घेई. त्याच्या लेखनामुळे युरोपात दह्याची एक लाटच उसळली.

१९१६ साली वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मेचनिकॉफ वारला. पुढे अमेरिकेतील येल विद्यापीठात रेटगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, बल्गेरियन दह्यातला तो जंतू माणसाच्या आतड्यात मुक्काम करीतच नाही. आतड्यातील विषाचा सिद्धान्तही मागे पडला. परंतु आतड्यातील जंतूंचा आणि शरीराच्या प्रकृतीचा काही निकटचा संबंध असावा हा त्याचा मूळ तर्क मात्र खोटा ठरला नाही. त्याने एका हाती दाह धरला होता, दुसऱ्या हाती दही. या दोन गोष्टी एकमेकींशी कोठे जुळतात, हे उमगावयास विज्ञानाला आणखी शंभर वर्षे लागली.

या प्रश्नाचे मर्म असे आहे. एक काटा रुतला तर शरीर पेटून उठते. मग ज्या आतड्यात कोट्यवधी परके जंतू रात्रंदिवस नांदत असतात, तेथे अखंड आग का भडकत नाही? जंतूंची ही वस्ती लहानसहान नव्हे. इस्राएलमधील वाइझमन इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली काळजीपूर्वक हिशेब मांडला. सत्तर किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरात त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी असतात आणि जंतू सुमारे ३८ लाख कोटी. जंतू पेशींच्या दहापट असतात, हे पूर्वी सांगितले जाणारे प्रमाण त्यामुळे रद्द झाले. तरी संख्येने ते घरधन्याहून अधिकच भरतात. मात्र अंगाने इतके बारीक की सर्वांचे मिळून वजन पाव किलोच्याही आतच होईल. यांतील बहुतेक जंतू मोठ्या आतड्यात असतात.

या वस्तीत आणि रक्तात अंतर किती? अवघ्या एका पेशीच्या जाडीचे. आतड्याच्या आतील अस्तर पेशींच्या एकेरी थराचे बनलेले असते आणि तो थरही दर चार-पाच दिवसांनी नवा होतो. या नाजूक भिंतीवर चिकट श्लेष्म्याचा लेप असतो. मोठ्या आतड्यात त्या लेपाचे दोन पदर असतात; बाहेरच्या पदरात जंतू फिरू शकतात, आतल्या दाट पदरात त्यांना सहसा शिरकाव मिळत नाही. शिवाय शरीर आतड्यात रोज काही ग्रॅम प्रतिद्रव्य सोडीत असते. हे प्रतिद्रव्य जंतूंना मारीत नाही; त्यांच्या अंगाला चिकटून त्यांना भिंतीपासून दूर ठेवते. भिंतीच्या पलीकडे प्रतिकारपेशींच्या चौक्या असतात. शरीरातील प्रतिकारपेशींचा फार मोठा वाटा आतड्याभोवतीच तैनात केलेला आहे.

परंतु भिंत आणि चौक्या एवढ्यानेच शांतता राहत नाही. चौकीवरच्या शिपायाला साव कोण आणि चोर कोण हे ओळखता आले पाहिजे, आणि हे शिक्षण त्याला जंतूंकडूनच मिळते. याचा पुरावा प्रयोगशाळेतील निर्जंतुक उंदरांनी दिला. हे उंदीर पूर्णपणे जंतुविरहित पिंजऱ्यात जन्मतात, निर्जंतुक केलेले अन्न खातात आणि त्यांच्या शरीरात एकही जंतू नसतो. असे प्राणी अत्यंत निरोगी असतील, अशी कोणाचीही कल्पना होईल. प्रत्यक्षात त्यांच्या आतड्यातील प्रतिकारपेशींची केंद्रे खुरटलेली असतात, वर सांगितलेले प्रतिद्रव्य फार थोडे तयार होते आणि बाहेरच्या एखाद्या रोगजंतूशी गाठ पडली की ते चटकन बळी पडतात. त्यांना साध्या उंदराच्या आतड्यातील जंतू दिले की काही आठवड्यांत ही उणीव बरीचशी भरून येते. तालमीत कोणी जोडीदारच नसेल तर पैलवान तयार होत नाही, त्यातलाच हा प्रकार.

जंतू शरीराला आणखी एक गोष्ट शिकवितात, आणि ती म्हणजे कोठे थांबावे. लष्करात गोळी झाडणारा शिपाई जसा लागतो, तसा गोळीबार थांबविण्याचा हुकूम देणारा अधिकारीही लागतो. प्रतिकारपेशींमध्ये असा एक वर्ग आहे. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ साली या नियामक पेशी दाखवून दिल्या. पुढे अमेरिकेतील मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्यांच्यामागील जनुक शोधून काढले. या तिघांना २०२५ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. या नियामक पेशी नसतील तर शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते.

आता आतड्यातील जंतू या पेशींना साहाय्य कसे करतात हे पाहण्याजोगे आहे. ज्वारी-बाजरीचा कोंडा, डाळींची टरफले, पालेभाज्यांचे तंतू, कांदा-लसणातील काही शर्करा या गोष्टी पचविणारे पाचकरस माणसाजवळ नाहीत. त्या न पचताच मोठ्या आतड्यात उतरतात. तेथील जंतू त्या आंबवितात आणि त्यातून काही लहान आम्ले निर्माण होतात. सिरक्यातील ॲसेटिक आम्ल हे त्यांपैकी एक. दुसरे प्रोपिऑनिक आणि तिसरे ब्यूटिरिक. जुन्या लोण्याला जो उग्र वास येतो तो या तिसऱ्या आम्लाचा. वास कसाही असो, मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे ते मुख्य अन्न होय. त्यावर पोसलेली भिंत घट्ट राहते. २०१३ साली जपान आणि अमेरिका येथील निरनिराळ्या गटांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की, जंतूंनी तयार केलेल्या या आम्लांमुळे मोठ्या आतड्यातील नियामक पेशींची संख्या वाढते. म्हणजे माणूस भाकरी खातो, भाकरीतील कोंडा जंतू खातात आणि जंतूंनी टाकलेल्या आम्लातून दाह आवरणाऱ्या पेशींना बळ मिळते. व्यवहार असा तिहेरी आहे.

हा व्यवहार बिघडला की काय होते? क्रोन्स व्याधी आणि व्रणयुक्त आतड्याचा दाह हे दोन दीर्घकाळ छळणारे विकार आहेत. त्यांत आतडे सुजते, रक्त पडते, वजन घटते आणि ऐन तारुण्यात माणूस खिळून जातो. फ्रान्समधील संशोधकांना २००८ साली आढळले की, क्रोन्स व्याधीच्या ज्या रोग्यांत ब्यूटिरिक आम्ल बनविणारा एक विशिष्ट जंतू शस्त्रक्रियेच्या वेळी कमी होता, त्यांच्यात तो रोग पुन्हा उलटण्याचे प्रमाण अधिक होते. तो जंतू, तसेच तो वाढविलेल्या द्रवातील स्राव उंदरांना दिला असता त्यांच्या आतड्याचा दाह कमी झाला. अर्थात जंतू घटले म्हणून दाह झाला की दाह झाला म्हणून जंतू घटले, हा प्रश्न माणसाच्या बाबतीत अजून पूर्णपणे सुटलेला नाही. लठ्ठपणा, मधुमेह, सांधेदुखी यांच्याशीही आतड्यातील जंतूंचे नाते जोडले जाते. पण त्यातील पुष्कळसा पुरावा उंदरांचा आहे आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे.

जंतू जर इतके उपयोगी, तर ते औषधासारखे का देऊ नयेत? हा विचारही जुनाच आहे. पहिल्या महायुद्धात बाल्कन भागात जर्मन सैन्यात हगवणीची साथ आली. फ्रायबुर्ग येथील डॉक्टर आल्फ्रेड निस्ल यांनी १९१७ साली एका अशा सैनिकाच्या मलातून एक जंतू वेगळा केला, की ज्याला भोवतालचे सहकारी आजारी पडत असताना काहीच झाले नव्हते. तो जंतू आज शंभरांहून अधिक वर्षांनीही औषध म्हणून वापरात आहे. व्रणयुक्त आतड्याचा दाह शांत झाल्यावर तो पुन्हा उसळू नये म्हणून नेहमी दिल्या जाणाऱ्या औषधाशी त्याची तुलना ३२७ रोग्यांवर वर्षभर करण्यात आली. २००४ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा दोहोंचा गुण जवळपास सारखाच असल्याचे दिसले.

अशा जंतूंना पुढे प्रोबायोटिक हे नाव रूढ झाले. २००१ साली अर्जेंटिनातील कोर्दोबा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या बैठकीत त्याची व्याख्या ठरली. जंतू जिवंत असले पाहिजेत, पुरेशा संख्येने दिले गेले पाहिजेत आणि घेणाऱ्याला त्यांपासून लाभ झाल्याचे दिसून आले पाहिजे, अशा त्या तीन अटी होत्या. या तिन्ही अटी उतरल्या आणि त्यांतून माणसांचे कल्याण झाले, असे एक उदाहरण भारताच्याच एका राज्यात घडले आहे. ते थोडे विस्ताराने पाहणे उचित होईल.

ओडिशातील खेड्यांत नवजात बालकांना होणारा रक्तातील जंतुसंसर्ग हा फार मोठा शत्रू होता आणि अद्यापही आहे. मूल वेळेवर जन्मते, वजनही बरे असते, आईच्या अंगावर दूध पिऊ लागते, आणि आठ-पंधरा दिवसांत एकाएकी दूध सोडते, अंग तापते किंवा गार पडते. जवळ इस्पितळ नसेल तर पुढची कथा सांगण्याची गरज नसते. या बालकांना आधीच काही देऊन संसर्ग टाळता येईल काय, असा विचार बालरोगतज्ज्ञ डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळ वर्षे केला. पुष्कळशा जंतूंची पारख करून त्यांनी लॅक्टोबॅसिलस प्लँटारम या जातीतील एक विशिष्ट वाण निवडला. लोणची आणि आंबविलेल्या भाज्यांत या जातीचे जंतू सापडतात. निवडीचे कारण असे की हा वाण बाळाच्या आतड्यात काही काळ तरी टिकाव धरी. त्याच्यासोबत त्याचे खाद्य म्हणून वनस्पतींतून काढलेली, बाळाला न पचणारी एक शर्करा थोडीशी घातली.

प्रयोगासाठी ओडिशातील १४९ खेड्यांतील ४,५५६ बालके घेण्यात आली. बालकाचे जन्मवजन किमान दोन किलो असावे, ते फार अपुऱ्या दिवसांचे नसावे, जन्मतः संसर्गाची लक्षणे नसावीत आणि ते आईचे दूध पीत असावे, अशा अटी होत्या. दोन ते चार दिवसांच्या वयात सुरुवात करून निम्म्यांना सात दिवस हे चूर्ण तोंडावाटे दिले गेले, निम्म्यांना दिसावयास तसेच पण जंतू नसलेले चूर्ण. कोणाला काय मिळाले हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि आईलाही नव्हते. पुढे साठ दिवसांपर्यंत घरोघर जाऊन प्रत्येक बाळाची विचारपूस करण्यात आली.

साधे चूर्ण मिळालेल्या बालकांपैकी शेकडा ९ बालकांना गंभीर संसर्ग झाला अथवा मृत्यू आला. जंतूंचे चूर्ण मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा ५.४ होते. म्हणजे दर शंभर संकटांपैकी चाळीस टळली. श्वसनमार्गाचे विकारही घटले. मुळात याच्या जवळजवळ दुप्पट बालके प्रयोगात घ्यावयाची होती. पण फरक इतका स्पष्ट झाला की प्रयोग लवकर थांबविण्यात आला. २०१७ साली 'नेचर' या नियतकालिकात हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. एका बाळाला लागणाऱ्या सबंध औषधाचा खर्च एका डॉलरच्या आसपास होता, आणि दिवस अवघे सात!

या निष्कर्षाची मर्यादाही सांगितली पाहिजे. मृत्यूंची संख्या दोन्ही गटांत थोडी होती. त्यामुळे मिळालेला लाभ मुख्यतः संसर्ग टळण्याचा होता. फार अपुऱ्या दिवसांची व फार कमी वजनाची बाळे या प्रयोगात नव्हती. त्यांच्यासाठी हे चूर्ण आपोआप योग्य ठरत नाही. शिवाय हा गुण त्या एका वाणाचा आहे. त्याच जातीच्या दुसऱ्या वाणात तो असेलच असे नाही. एकाच आडनावाच्या सर्व माणसांना एकच विद्या येत नाही, तसेच हे.

ओडिशातील खेड्यांत जे सात दिवसांत चूर्णाने केले, त्याचा मूळ धडा निसर्गाने आईच्या दुधात घालून ठेवलेला आहे. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येच काम करणाऱ्या हेन्री टिसिए यांना विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अंगावर पिणाऱ्या बालकांच्या मलात फाटे फुटलेल्या आकाराचे जंतू विपुल आढळले. त्यांना आज बिफिडोबॅक्टेरियम म्हणतात. हे जंतू तेथे का रमतात, याचे उत्तर पुढे मिळाले. आईच्या दुधात दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल ज्या घटकाचा क्रम लागतो, त्या विशेष शर्करा बाळाला पचतच नाहीत. मग निसर्गाने त्या कोणासाठी घातल्या? प्रामुख्याने या जंतूंसाठी! आई एकाच दुधात बाळालाही पोसते आणि बाळाच्या रक्षकांनाही. म्हणूनच जन्मल्यापासून तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे आणि पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून दुसरे काही देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. पहिल्या चिकाचे दूध पिळून टाकण्याची आणि बाळाला मध किंवा साखरपाणी चाटविण्याची जी रूढी काही घरांत आहे, ती या दृष्टीने पाहता अनिष्ट होय. मधातून तर क्वचित एका जीवघेण्या जंतूची बीजेही तान्ह्याच्या पोटात जाऊ शकतात.

ओडिशाचे यश ऐकून औषधाच्या दुकानातील कोणतीही प्रोबायोटिकची पुडी गुणकारी मानण्याचा मोह होईल. तो आवरण्यासाठी आणखी काही प्रयोग ध्यानात घेतले पाहिजेत. नेदरलँडमध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाने अत्यवस्थ झालेल्या २९६ रोग्यांवर प्रोबायोटिकचा प्रयोग झाला. हेतू संसर्ग टाळण्याचा होता. संसर्ग तर टळला नाहीच. उलट प्रोबायोटिक दिलेल्यांत शेकडा १६ रोगी दगावले आणि न दिलेल्यांत शेकडा ६. हा निष्कर्ष २००८ सालचा. अमेरिकेत जुलाब-उलट्यांनी आजारी असलेल्या ९७१ लहान मुलांवर एक अतिशय नावाजलेला जंतू वापरून पाहिला गेला. त्याने साध्या चूर्णाहून अधिक गुण आला नाही, असे २०१८ साली जाहीर झाले. त्याच वर्षी इस्राएलमधील एका लहानशा प्रयोगात असे दिसले की, प्रतिजैविकांच्या सेवनानंतर घेतलेल्या प्रोबायोटिकांमुळे माणसाचे मूळचे जंतू परत येण्यास उलट उशीर लागला. बाहेरून आलेल्यांनी जागा अडविली की मूळच्या रहिवाशांना घर मिळणे कठीण होते. २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इस्पितळातील अपुऱ्या दिवसांच्या बालकांना अशी द्रव्ये देण्यातील जिवाचा धोका डॉक्टरांना कळविला.

याउलट काही वेळा एकच जंतू देऊन भागत नाही, सबंध वस्तीच पुन्हा वसवावी लागते. प्रतिजैविकांच्या माऱ्याने मूळचे जंतू नाहीसे झाले की क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा एक दुष्ट जंतू माजतो आणि मोठ्या आतड्याला भयंकर दाह होतो. अशा वारंवार उलटणाऱ्या रोगावर ॲम्स्टरडॅममधील डॉक्टरांनी निरोगी माणसाच्या मलातील शुद्ध केलेला अंश नळीवाटे रोग्याच्या आतड्यात सोडला. ऐकावयास किळसवाणे वाटले तरी १६ रोग्यांपैकी १३ जण एकाच वेळच्या उपचाराने बरे झाले. नेहमीच्या औषधाने १३ पैकी केवळ ४ बरे झाले. २०१३ साली हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला आणि आतड्यातील वस्तीचे मोल डॉक्टरांनाही नव्याने उमगले.

मग घरच्या दही-ताकाचे काय? घरच्या विरजणात दुग्धाम्ल बनविणारे निरनिराळे जंतू असतात. कोणते आणि किती, हे घरोघरी, ऋतूऋतूंत बदलते. म्हणून कोर्दोबा येथील व्याख्येच्या कसोटीवर त्याला प्रोबायोटिक औषध म्हणता येत नाही. परंतु औषध नाही म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ निरोगी माणसांपैकी अर्ध्यांना दहा आठवडे दही, केफिर, आंबविलेल्या भाज्या असे पदार्थ भरपूर देण्यात आले आणि अर्ध्यांना चोथायुक्त अन्न. आंबविलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यातील जंतूंच्या जातींत विविधता वाढली आणि रक्तातील दाहाची सूचक अशी १९ प्रथिने घटली. चोथा खाणाऱ्यांत एवढ्या मुदतीत तशी सरसकट घट दिसली नाही. प्रयोग २०२१ सालचा आणि लहान आहे. त्यावरून फार मोठा डोलारा उभारणे शहाणपणाचे होणार नाही. तरीही मेचनिकॉफच्या हातातील दोन गोष्टी, दाह आणि दही, येथे माणसाच्याच शरीरात एकत्र आलेल्या दिसतात.

एवढे मात्र ओळखले पाहिजे की जंतू उष्णतेने मरतात. ताज्या ताकात ते जिवंत असतात, उकळी आलेल्या कढीत नसतात. इडली, आंबोळी, ढोकळा किंवा गोव्याची सान्नां आंबविल्याने पचावयास हलकी होतात, परंतु वाफेवर किंवा तव्यावर त्यांतील जंतू संपतात. तेलात आणि भरपूर मिठात मुरलेल्या लोणच्यावर तर या कामी भिस्त ठेवू नये; मिठाचे आपले वेगळे दुष्परिणाम आहेत. उन्हाळ्यात केलेली कांजी किंवा जेवणानंतरचे वाटीभर ताक हा सोपा मार्ग होय. परंतु नुसते जंतू पोटात धाडून त्यांना उपाशी ठेवणे म्हणजे पाहुण्याला बोलावून पान न वाढण्यासारखे आहे. न चाळलेल्या पिठाची भाकरी, सालीसकट डाळी-उसळी, पालेभाज्या, कांदा आणि फळे यांवर आतड्यातील वस्ती पोसते. ताटातील प्रकार जितके निरनिराळे, तितक्या वस्तीतील जाती निरनिराळ्या.

आणि शेवटी, असलेली वस्ती विनाकारण उजाड करू नये. सर्दी, पडसे आणि बहुतेक साधे ताप हे विषाणूंचे विकार असून त्यांवर प्रतिजैविके चालत नाहीत. ती आतड्यातील निरपराध जंतूंना मात्र मारतात. भारत सरकारने २०१४ सालापासून काही प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत आणि विक्रीची नोंद ठेवावी असा कडक नियम अमलात आणला आहे. पण नियम दुकानापुरता असतो. मागच्या आजारातील उरलेल्या गोळ्या कपाटातून काढून घेणाऱ्यावर तो चालत नाही. जेथे डॉक्टरांनी प्रतिजैविक सांगितले असेल तेथे ते सांगितल्याप्रमाणे घ्यावे, आणि जेथे सांगितले नसेल तेथे मागू नये. प्रोबायोटिक घ्यावयाचे झाल्यासही डॉक्टरांना विचारून घ्यावे आणि वेष्टनावर जंतूच्या वाणाचे नाव, जिवंत जंतूंची संख्या आणि ते कोणत्या तारखेपर्यंत टिकतील हे तीन तपशील पाहावेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ साली घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांचा रोखही हाच आहे. ज्यांची प्रतिकारशक्ती एखाद्या रोगाने किंवा औषधाने क्षीण झाली आहे, अशा रोग्यांना तर घरच्या माणसांनी आपल्या मनाने असे काहीही देऊ नये.

मेचनिकॉफने काट्याभोवती गोळा झालेल्या पेशी पाहिल्या, तेव्हा शरीर परक्यांशी लढते एवढेच कळले होते. परक्यांपैकी पुष्कळांशी ते जन्मभर सलोख्याने राहते, आणि या सलोख्यावरच त्याची लढण्याची शक्ती आणि वेळीच थांबण्याचे भान पुष्कळसे अवलंबून असते, हे आता कळू लागले आहे. त्या सलोख्याची सुरुवात बाळाच्या पहिल्या घोटाबरोबर होते. पुढे तो टिकविणे बऱ्याच अंशी रोजच्या ताटावर आणि औषधाच्या बाबतीतील संयमावर अवलंबून राहते.